मुलगा अठरा वर्षांचा होण्याआधी: ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमतेसाठी जवळ काय मिळतं आणि काय उभं करावं लागतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा सोळा वर्षांचा, ऑटिझम आणि सोबत बौद्धिक अक्षमता. कुटुंब तालुक्याच्या गावी राहतं. वडील जिल्हा परिषदेत नोकरीला, धाकटी मुलगी नववीत. मुलगा जातो त्या विशेष शाळेने अठरानंतर ठेवून घेणार नाही, असं सांगून टाकलं आहे. आई विचारतात: आमच्या जवळपास अशा मुलांसाठी नक्की कोणत्या सेवा आहेत? सुरुवात कुठून करू? एखादी चांगली निवासी संस्था आत्तापासून बघून ठेवू का? आणि मुलीला यातलं कितपत सांगू?

ताई, मी विशेष शिक्षिका म्हणून सुरुवात केली. गेली बरीच वर्षं मात्र पालकांच्या सोबतीने प्रमाणपत्रं, कायदेशीर पालकत्व आणि अठरानंतरची व्यवस्था याच कामात आहे. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीची सगळी दिशा त्यावर ठरते. निवासी संस्था आत्ता शोधू नका. शोधायची असेल तर ती दिवसभराची जागा. तुमचा मुलगा अठराव्या वर्षानंतर सकाळी दहा ते संध्याकाळी चार काय करणार, या प्रश्नाचं उत्तर मिळालं तर घर तग धरतं. ते मिळालं नाही तर वर्ष-दोन वर्षांत घरातले सगळे थकतात आणि मग घाईघाईत, जी जागा मिळेल ती संस्था पत्करावी लागते. मी पाहिलेली निवासी संस्थेची बहुतेक वाईट निवड अशा घाईतच झालेली आहे.

आता सेवा. शाळेत असेपर्यंत मुलाच्या मागे कोणीतरी असतं. विशेष शाळा असते, समग्र शिक्षा अभियानाखाली गटसाधन केंद्रात नेमलेले विशेष शिक्षक असतात, जिल्हा रुग्णालयातलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं. हे केंद्र राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा भाग आहे आणि नावात 'शीघ्र' असलं तरी अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. त्यामुळे अजून दोन वर्षं तुम्ही तिथे हक्काने जाऊ शकता. स्पीच थेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, दंतवैद्य ही पदं तिथे मंजूर असतात. भरलेली किती आहेत ते फोन करून विचारा आणि मगच एसटीत बसा. अठरानंतर ही सगळी दारं एकदम बंद होतात. पुढची दारं वेगवेगळ्या खात्यांची आहेत आणि कोणतंही खातं आपणहून तुम्हाला शोधत येणार नाही. म्हणून सोळा ते अठरा ही दोन वर्षं मी कागदांसाठी राखून ठेवायला सांगते.

पहिला कागद यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि ओळखपत्र. तुमच्याकडे ते असेलच, पण त्यावरची मुदत बघा. लहानपणी मिळालेलं प्रमाणपत्र बहुधा मुदतीचं असतं आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करून कायमचं घ्यावं लागतं. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा आणि तपासणी जिल्हा सामान्य रुग्णालयात. ओळखपत्राच्या रंगातून टक्केवारी कळते: चाळीसपेक्षा कमी असेल तर पांढरं, चाळीस ते ऐंशीच्या आत पिवळं, ऐंशी आणि त्यापुढे निळं. चाळीस टक्के ही बहुतेक योजनांची किमान पायरी आहे आणि ऐंशीला काही सवलती वाढतात.

या तपासणीत पालक स्वतःच्या मुलाचं नुकसान करताना मी सतत बघते, म्हणून इथे जरा थांबते. ऑटिझमसाठी आपल्याकडे 'इसा' ही भारतीय मोजपट्टी वापरतात. त्यात ४० मुद्दे आहेत आणि एकूण गुणांवरून ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र असं ठरतं. बौद्धिक अक्षमतेसाठी बुद्ध्यांकासोबत मुलाचं रोजचं वागणं, म्हणजे जेवण, कपडे, संडास-बाथरूम, पैशाचा व्यवहार, एकट्याने बाहेर जाणं, हेही मोजतात. यातला मोठा भाग आईवडिलांच्या तोंडून येतो. आणि आईवडील काय सांगतात? 'आंघोळ करतो की स्वतःची.' खरं असतं असं, की बादली भरून द्यावी लागते, पाच वेळा सांगावं लागतं, साबण कुठे लावला नाही ते दाखवावं लागतं आणि केस तुम्हीच धुता. समोरच्या मानसतज्ज्ञाकडे अर्धा तास असतो. तुम्ही 'करतो' म्हणालात की तिथे 'करतो' असंच लिहिलं जातं. मुलाचं कौतुक घरी येणाऱ्या पाहुण्यांपुढे करा. तपासणीच्या खोलीत त्याला कुठे, किती आणि कशी मदत लागते ते सांगा. जाण्याआधी आठवडाभर रोजची मदत एका वहीत लिहून ठेवली तर बोलताना आठवायला सोपं जातं. दिवस वाईट गेला असेल, रात्र जागवली असेल, स्वतःला चावलं असेल, तर तेही लिहा. खोटं काही सांगायचं नाही, फक्त झाकायचं नाही.

आणखी एक. ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमता दोन्ही असतील तर प्रमाणपत्रावर दोन्ही यायला हवीत. एकच लिहून आलं असेल तर पुनर्तपासणीच्या वेळी आधीचे सगळे अहवाल सोबत न्या आणि तसं बोलून दाखवा. रेल्वेची सवलत, उदाहरणार्थ, सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या बौद्धिक अक्षम व्यक्तीला आणि तिच्या सोबत्याला मिळते. प्रमाणपत्रात तो शब्दच नसेल तर तिकीट खिडकीवर कोणाशी भांडणार?

इथेच एक खुलासा करून टाकते, कारण माझ्याकडे दोन्ही प्रकारचे पालक येतात आणि सल्ल्यांची सरमिसळ होते. ज्यांच्या मुलाला फक्त अध्ययन अक्षमता आहे, म्हणजे डिस्लेक्सियासारखी वाचन-लेखन-गणिताची अडचण आहे आणि बुद्धी वयानुसार आहे, त्यांचा रस्ता वेगळा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत ही अक्षमता आहे, त्यामुळे परीक्षेतला जादा वेळ, लेखनिक, आरक्षण हे तिला लागू होतं. पण १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती नाही. तो कायदा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारच गटांसाठी आहे. मी पुढे निरामय, पालकत्व वगैरे जे सांगणार आहे ते या चार गटांचं.

निरामय ही राष्ट्रीय न्यासाची, म्हणजे त्याच कायद्याखाली स्थापन झालेल्या केंद्र सरकारच्या संस्थेची, आरोग्य विमा योजना. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण, आणि आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही. खासगी कंपन्या आपल्या मुलांना बहुधा दारात उभं करत नाहीत, त्यामुळे हे लहान वाटलं तरी मोठं आहे. विशेष म्हणजे यात नुसतं रुग्णालयात दाखल होणंच नाही, तर बाह्यरुग्ण तपासणी, औषधं आणि नियमित थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत मिळतो. शुल्क काहीशे रुपयांच्या घरात. मुदत आर्थिक वर्षाची, १ एप्रिल ते ३१ मार्च, आणि नूतनीकरण विसरलात की दावा गेला. खर्च आधी तुम्ही करायचा आणि बिलं नंतर पाठवायची अशी पद्धत आहे. म्हणून प्रत्येक थेरपिस्टकडून पावती मागा, तीही शिक्का, तारीख आणि नोंदणी क्रमांकासह. पुष्कळ थेरपिस्ट पावती द्यायला कुरकुरतात. तरी मागा.

नोंदणी क्रमांकाचा विषय निघालाच आहे. विशेष शिक्षक, स्पीच थेरपिस्ट, पुनर्वसन मानसतज्ज्ञ यांची नोंद भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते आणि ती परिषदेच्या संकेतस्थळावर नावाने तपासता येते. ऑक्युपेशनल थेरपिस्टसाठी आपल्या राज्याची वेगळी परिषद आहे. गावोगावी हल्ली 'ऑटिझम सेंटर'च्या पाट्या लागल्या आहेत. त्यातल्या काही ठिकाणी फार चांगलं काम चालतं आणि काही ठिकाणी चार दिवसांची कार्यशाळा करून आलेली माणसं महिन्याची भरभक्कम फी घेतात. क्रमांक विचारला म्हणून जो रागावतो त्याच्याकडे जाऊ नका. स्टेम सेलने ऑटिझम बरा होतो असं सांगणाऱ्याकडे तर चुकूनही नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच ऑटिझमवर उपचार म्हणून स्टेम सेलची शिफारस करता येत नाही, असं स्पष्ट केलं आहे. त्या पैशांत तुमच्या मुलाची कित्येक वर्षांची डे केअरची फी निघेल.

आता पालकत्व. यात पालक सगळ्यांत जास्त गोंधळतात. मुलगा अठरा पूर्ण झाला की आईवडील कायद्याने त्याचे पालक राहत नाहीत, मग त्याला स्वतःचं नाव लिहिता येवो न येवो. हे बहुतेकांना बँकेत कळतं. अज्ञान खात्याची, म्हणजे अठराच्या आतल्या मुलाच्या नावे पालकांनी चालवलेल्या खात्याची, मुदत संपते, बँक त्याची सही मागते आणि सगळं अडकून बसतं. यावर उपाय राष्ट्रीय न्यास कायद्यातली स्थानिक स्तर समिती. प्रत्येक जिल्ह्यात ती असते. जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असे तीन सदस्य. आईवडील दोघे मिळून अर्ज करू शकतात. मुलगा अठरा पूर्ण झाल्यावरच अर्ज घेतात, पण कागद आधी जमवून ठेवा: जन्माचा दाखला, दिव्यांगत्व प्रमाणपत्र, रहिवासाचा पुरावा, फोटो, घरातल्या सज्ञान भावंडांचं संमतिपत्र. न्यायालयात जायची, वकील करायची गरज नाही. समितीच्या बैठका नियमित होतातच असं नाही, म्हणून जिल्ह्यातल्या त्या संस्था-प्रतिनिधीला गाठा. पुढची बैठक कधी, कोणता कागद कमी पडतोय हे कार्यालयातल्या लिपिकापेक्षा त्याला जास्त माहीत असतं.

पालकत्वाचं प्रमाणपत्र मिळाल्यावर जबाबदारी संपत नाही. मुलाच्या नावावर मालमत्ता असेल तर सहा महिन्यांत तिची यादी समितीला द्यावी लागते आणि दर आर्थिक वर्षाचा हिशोबही. हे कोणी करत नाही, मलाही माहीत आहे. पण पुढे भाऊबंदकीत जमिनीचा वाद निघाला तर हाच हिशोब मुलाच्या बाजूने उभा राहतो. रिझर्व्ह बँकेने बँकांना या समितीचं प्रमाणपत्र ग्राह्य धरायला सांगितलेलं आहे. शाखेतला अधिकारी 'कोर्टाचं आणा' म्हणाला तर त्याला हे नम्रपणे, पण लेखी द्यायला सांगा की तो प्रमाणपत्र नाकारतोय. लेखी म्हटलं की बराच फरक पडतो.

हेही सांगायला हवं की पालकत्व प्रत्येकाला लागतंच असं नाही. ज्या मुलामुलींना सही करता येते, पैसे समजतात, 'हे मला नको' असं सांगता येतं, त्यांचं पालकत्व केवळ सोयीसाठी घेणं मला पटत नाही. २०१६ च्या कायद्यात मर्यादित पालकत्वाची कल्पना आहे. ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळासाठी, आणि त्या व्यक्तीला विचारून एकत्र निर्णय घेणं. तुमच्या वर्णनावरून तुमच्या मुलाला पूर्ण मदत लागेल असं दिसतं, तरी त्याचा मतदानाचा हक्क पालकत्वाने जात नाही. सक्षम न्यायालयाने तसं घोषित केल्याशिवाय मतदार यादीतून कोणाला वगळता येत नाही. अठरा झाल्यावर त्याचं नाव यादीत घाला. आणि आधारचं पंधराव्या वर्षानंतरचं बायोमेट्रिक अद्ययावत करणं राहिलं असेल तर ते आत्ताच उरका. केंद्रावर गर्दी नसेल अशी वेळ निवडा. बोटांचे किंवा डोळ्यांचे ठसे देणं त्याला जमत नसेल तर बायोमेट्रिक अपवादाची तरतूद आहे, ती मागा.

पैशांबद्दल थोडक्यात. तुमचे यजमान नोव्हेंबर २००५ पूर्वी सेवेत लागले असतील तर जुनी निवृत्तिवेतन योजना लागू असेल, आणि कमवू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळण्याची सोय त्यात आहे. त्यासाठी मुलाचं नाव आणि त्याचं दिव्यांगत्व त्यांच्या सेवेतच, कार्यालयाच्या नोंदीत चढवून घ्या. आईवडील गेल्यावर बहिणीने ते सिद्ध करत फिरणं फार अवघड जातं. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत दिव्यांग अवलंबितासाठी ७५,००० रुपयांची वजावट मिळते, ऐंशी टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाला १,२५,००० रुपयांची. प्रत्यक्ष खर्च किती झाला याच्याशी तिचा संबंध नाही. नवी करपद्धत निवडताना हा आकडा हिशोबात धरा. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये होतो, पण उत्पन्नाची मर्यादा इतकी खाली आहे की नोकरदार कुटुंब त्यात बसत नाही. सरकारी नोकरीतल्या चार टक्के आरक्षणात ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांना मिळून एक टक्का आहे. तुमच्या मुलाच्या बाबतीत मी त्यावर आशा ठेवणार नाही. एसटीची सवलत मात्र जरूर घ्या.

आता मुख्य विषय, दिवसभराची जागा. महाराष्ट्रात अठरानंतर तीन प्रकारच्या जागा दिसतात. एक, विशेष शाळांना जोडलेल्या किंवा स्वतंत्र प्रौढ कार्यशाळा. दोन, राष्ट्रीय न्यासाच्या मदतीने चालणारी डे केअर केंद्रं. तीन, पालकांनी मिळून उभारलेल्या जागा. मोठ्या शहरांत पर्याय आहेत. मुंबईत जय वकील, पुण्यात कामायनी, नाशिकला प्रबोधिनी, कोल्हापुरात चेतना, या दशकानुदशकं चाललेल्या संस्था आहेत. तिथे रोज जाणं तुम्हाला शक्य नाही, पण एकदा मुलाला घेऊन बघायला जरूर जा. प्रौढ मुलं दिवसभर काय करू शकतात हे डोळ्यांनी पाहिलं की मागायचं काय ते कळतं. नाहीतर आपण 'त्याला सांभाळा' एवढंच मागत बसतो.

कार्यशाळा बघायला जाल तेव्हा जून-जुलैत जा. दिवाळीच्या तोंडावर सगळीकडेच पणत्या रंगवणं, कंदील आणि उटण्याची पाकिटं जोरात असतात आणि फोटोही तेव्हाचेच असतात. पावसाळ्यात मुलं काय करतात ते पाहा. फाईल बनवणं, पुड्या बांधणं, लॅमिनेशन, बागकाम, स्वयंपाकघरातली तयारी, काहीही चालेल, पण काम खरं असावं, कोणाला तरी ते विकत हवं असावं. संध्याकाळी उसवून सकाळी पुन्हा ओवायला दिलेले मणी मी पाहिले आहेत. मुलांना ते कळतं. बोलता येत नसलं तरी कळतं.

तुमच्या तालुक्यात यातलं काही नसेल ही शक्यता जास्त. मग पालकांची जागा. ऐकायला अवघड वाटतं, पण महाराष्ट्रातल्या चांगल्या जागांपैकी कितीतरी अशाच उभ्या राहिल्या. डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेचं 'घरकुल' आहे. ती निवासी जागा आहे, पण उभी केली ती संघटनेच्या नावाप्रमाणे पालकांनीच. तुमच्या शाळेत तुमच्या मुलाबरोबर अठराची होणारी आणखी चार-पाच मुलं असतीलच. त्यांच्या आईवडिलांना शाळा सुटायच्या आधी एकत्र बसवा, कारण शाळा सुटली की हीच कुटुंबं पांगतात आणि एकमेकांचे फोन नंबरसुद्धा राहत नाहीत. सुरुवात आठवड्यातून दोन दिवस, तीन तास, एखाद्याच्या घरी किंवा समाजमंदिरात. एक मदतनीस ताई पगारावर आणि पाळीपाळीने एक पालक. काय करायचं? भाजी आणायला जाणं, ती निवडणं, पोळ्या नाही तर निदान कोशिंबीर, मग जेवण, भांडी, चालणं. हाच अभ्यासक्रम. विशेष शिक्षिका महिन्यातून एकदा येऊन बघून गेली, प्रत्येकाला पुढे काय शिकवायचं ते सांगून गेली तरी चालतं.

जागा आणि पैसे यांसाठी एक दार बहुतेकांना माहीत नसतं. ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद यांनी आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. पुष्कळ ठिकाणी वर्षाअखेर ते घाईने वाटून किंवा साहित्य घेऊन संपवतात, कारण दुसरं काही मागायला कोणी येत नाही. पाच पालकांनी सही करून, ठरावीक मागणी घेऊन अर्ज दिला (बंद पडलेल्या शाळेची एक खोली, मदतनिसाचं मानधन, मुलांना आणण्या-नेण्याची रिक्षा) तर त्याची दखल घ्यावी लागते. अर्थसंकल्पाच्या आधी, डिसेंबर-जानेवारीत द्या आणि पोच घ्या. नुसतं 'मदत करा' असं लिहू नका. काय, किती, कशासाठी ते लिहा. काम टिकलं की संस्था म्हणून धर्मादाय कार्यालयात नोंदणी करा आणि दिव्यांग हक्क कायद्याखाली लागणारी नोंदणीही. मग पालक संघटना म्हणून राष्ट्रीय न्यासाकडेही नोंद करता येते आणि त्यांच्या योजनांसाठी अर्ज करता येतो. पण नोंदणीपासून सुरुवात करू नका. अध्यक्ष कोण, सचिव कोण यातच पहिलं वर्ष गेलेले गट माझ्या ओळखीचे आहेत.

तुम्ही पत्रात लिहिलं आहे की गेल्या काही महिन्यांत तो हात उगारायला लागलाय आणि म्हणूनच निवासी संस्थेचा विचार मनात आला. हे वेगळं घ्या. किशोरवयात अचानक वाढलेल्या आक्रमकतेमागे आधी शरीर तपासायचं. किडलेला दात, कान, बद्धकोष्ठ, ॲसिडिटी, झोप. बोलता न येणारा मुलगा दुखणं असंच सांगतो. ऑटिझमसोबत फिट्स येण्याचं प्रमाण जास्त असतं आणि किशोरवय हा त्या सुरू होण्याचा एक काळ आहे. त्यामुळे मध्येच टक लावून थांबणं, ओठ चाळवणं, झोपेत झटके असं काही दिसत असेल तर व्हिडिओ काढा आणि मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. त्यानंतर दिनक्रम बघा: शाळेत काही बदललंय का, शिक्षक बदलले का, बस बदलली का. हे सगळं झाल्यावर मानसोपचारतज्ज्ञ. औषधाला घाबरू नका, काही मुलांना त्याचा खरा उपयोग होतो. पण वजन आणि रक्ततपासणीवर लक्ष ठेवणारा डॉक्टर हवा. औषध सुरू केलं आणि वर्षभर तेच चालू, पुन्हा कोणी पाहिलंच नाही, असं होऊ देऊ नका.

आणि तुम्हाला स्वतःला विश्रांती हवी आहे, ती आजच. राष्ट्रीय न्यासाच्या समर्थ योजनेत थोड्या काळासाठी मुलाला ठेवून घेण्याची कल्पना आहे, पण अशी केंद्रं मोजकी आहेत. जवळ नसेल तर एखाद्या विश्वासू मावशीला, मदतनीस ताईला आत्तापासून तासाभरापुरतं मुलासोबत बसायला शिकवा. आधी तुम्ही घरात असताना, मग शेजारी जाऊन, मग बाजारात. मुलालाही तुमच्याशिवाय दुसऱ्याच्या हातचं जेवायची सवय लागते. पुढे कधी तुमचं ऑपरेशन निघालं, कोणाचं लग्न निघालं, तर हीच सवय उपयोगी पडते.

निवासी संस्था कधी बघायची? तो पंचविशीत आला, दिवसाची घडी बसली आणि तुमचे गुडघे बोलायला लागले की. तेव्हाही आधी आठवडाभराचा मुक्काम, मग महिना. बघायला न कळवता जा. सकाळी अकराला तिथली माणसं काय करतायत ते पाहा. संडासाला दार आहे का, रात्री किती जणांमागे किती कर्मचारी, कोणाला कोणती औषधं आणि ती कोण लिहून देतो, पालकांना कधीही येता येतं की ठरलेल्या रविवारीच, हे विचारा. नोंदणी प्रमाणपत्राची प्रत मागा. भेटीला वार ठरवून देणारी आणि आतल्या खोल्या न दाखवणारी जागा कितीही चकचकीत असली तरी सोडून द्या. मोठी रक्कम एकदम भरायला सांगत असतील तर मुलगा तिथे रमला नाही तर किती परत मिळणार, हे करारात लिहून घ्या.

राहिला मुलीचा प्रश्न. ती नववीत आहे, तिला सगळं कळतंय. तिच्याशी बोला, पण 'तुझ्या भावाला तूच बघायचंस' हे वाक्य आत्ता उच्चारू नका. काही मुली त्या वाक्यावर स्वतःचं शिक्षण, गाव, लग्न सगळं बेतून टाकतात आणि आईवडिलांना ते कळतही नाही. तुम्ही दोघे असेपर्यंत पालक तुम्हीच आहात. पुढे पालक म्हणून बहिणीचं नाव येऊ शकतं, नातेवाइकाचं येऊ शकतं, नोंदणीकृत संस्थेचंही येऊ शकतं, आणि पालक होणाऱ्याची संमती कायद्यालाच लागते. मृत्युपत्र करताना मुलाच्या नावावर थेट जमीन किंवा ठेव न ठेवता त्याच्यासाठी खासगी ट्रस्ट करता येतो, ज्यात पैसा सांभाळणारी माणसं आणि मुलाला सांभाळणारं माणूस वेगवेगळं असू शकतं. मला ही विभागणी आवडते. मुलीला हेही सांगा की भावासोबत राहणं आणि त्याच्या व्यवहारांवर लक्ष ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि ती दुसरी निवडू शकते.

तिच्याकडून आत्ता एकच काम करून घ्या, तिलाही ते आवडेल. भावाची एक वही. त्याला काय खायला आवडतं, कोणत्या आवाजाने तो बिथरतो, पोट दुखलं की काय करतो, 'हो' कसं सांगतो आणि 'नको' कसं, झोपताना कोणती चादर लागते, कोणत्या औषधाने अंगावर पुरळ आलं होतं. मागच्या पानांवर प्रमाणपत्रांचे क्रमांक, निरामयची नूतनीकरणाची तारीख, डॉक्टरांचे फोन. नव्या मदतनीस ताईला, नव्या डॉक्टरला, डे केअरच्या शिक्षिकेला पहिल्या दिवशी ती वही वाचायला द्यायची, आणि दर वाढदिवसाला त्यात जुनं खोडून नवं लिहायचं.